मॅकगोवन, जे. पी.

मॅकगोवन, जॉन पॅटरसन : (२४ फेब्रुवारी १८८०–२६ मार्च १९५२). अल्पखर्ची वेस्टर्न (अमेरिकेच्या पश्चिम भागातील घोडेस्वारांच्या साहसकथांच्या) चित्रपटांचे आणि आगगाडीवरील साहसपटांचे ऑस्ट्रेलियन-अमेरिकन दिग्दर्शक व अभिनेते. त्यांचा जन्म दक्षिण ऑस्ट्रेलियातील टेरोवी येथे झाला. दोन वेगवेगळ्या रुंदीचे लोहमार्ग येथे भेटत असल्याने उतारू आणि माल एका गाडीतून दुसरीत हलवावा लागे. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात लढल्यानंतर ते १९०४ च्या सेंट लुईस येथील जागतिक प्रदर्शनात त्याच युद्धाचे प्रयोग करणाऱ्या पथकातून अमेरिकेत आले. घोड्यावरची पक्की मांड हेच त्यांचे भांडवल होते.

केलेम या अमेरिकन चित्रपटनिर्मिती कंपनीत दाखल झाल्यावर त्यांनी तिच्या आयर्लंड व पॅलेस्टाइन येथील चित्रणांत अभिनय केला. १९१४ मध्ये सुरू झालेल्या ‘द हॅझर्ड्‌स ऑफ हेलन’ या ११९ भागांच्या मूकपटमालिकेचे सुरुवातीचे बरेचसे भाग त्यांनी दिग्दर्शित केले. त्यांत नायिका असलेल्या हेलन होम्स या त्यांच्या पत्नी होत. मालिकेतील तार-कार्यालयातली ही तरुणी स्वतःच धावत्या गाडीवर झेप घेई, आणि खरे रूळ व खरी इंजिने वापरल्यामुळे त्या झेपेतला धोका आजही पडद्यावर जाणवतो. १९१५ मध्ये या दोघांनी सिग्नल ही निर्मितिसंस्था उभारली. मात्र वितरक म्युच्युअल कंपनी कोलमडल्यावर तीही टिकली नाही.

त्यानंतरचा काळ छोट्या स्वतंत्र निर्मात्यांकडे गेला. असे चित्रपट प्रदर्शनाचे प्रांतवार हक्क ठरावीक रकमेला विकून चालवले जात. चित्रपट कितीही गाजला तरी निर्मात्याची मिळकत वाढत नसे, म्हणून नफा काढायचा तो चित्रणाचे दिवस, फिल्म आणि माणसे वाचवूनच. टॉम टायलर, बॉब कस्टर अशा नटांना घेऊन मॅकगोवन यांनी असे कित्येक वेस्टर्न झटपट पूर्ण केले, आणि अनेकांत खलनायकही स्वतःच रंगवला. यांतील कथानके बहुधा ठरीव आहेत. परंतु पाठलाग कोठून टिपावा याची त्यांची जाण तुटपुंज्या खर्चातही उणावली नाही, हे त्यांच्या कामाचे खरे मोल होय. ‘द हरिकेन एक्सप्रेस’ (१९३२) या १२ भागांच्या बोलपटमालिकेत (सहदिग्दर्शक आर्मंड शेफर) तरुण जॉन वेन नायक होते, आणि कथा पुन्हा आगगाडीचीच होती.

१९३८ च्या सुमारास दिग्दर्शन थांबवून ते स्क्रीन डायरेक्टर्स गिल्ड या दिग्दर्शकांच्या संघटनेचे कार्यकारी सचिव झाले आणि अनेक वर्षे त्या पदावर राहिले. हॉलिवूड येथे त्यांचे निधन झाले.