विनियोजन विधेयक

राज्याच्या एकत्रित निधीतून वर्षभरात कोणत्या कामासाठी किती रक्कम काढता येईल, याला कायद्याची मान्यता देणारे विधेयक म्हणजे विनियोजन विधेयक. लोकांच्या बोलण्यात बजेट म्हणजे अर्थमंत्र्यांचे भाषण असते. परंतु त्या भाषणाने तिजोरीतला एक रुपयाही हलत नाही. वार्षिक वित्तविषयक विवरणपत्र मांडले जाणे, खातेनिहाय अनुदानाच्या मागण्यांवर मतदान होणे आणि त्यानंतर विनियोजन विधेयक संमत होणे, हा क्रम पुरा झाल्यावरच सरकारला खर्चाचा अधिकार मिळतो. केंद्रासाठी ही तरतूद संविधानाच्या अनुच्छेद ११२ ते ११४ मध्ये, तर राज्यांसाठी अनुच्छेद २०२ ते २०४ मध्ये आहे.

अनुदानाची मागणी राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मांडता येत नाही. विधानसभा ती मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करू शकते. वाढवू मात्र शकत नाही. त्यामुळे सांगलीतील जत किंवा साताऱ्यातील माण तालुक्याच्या आमदाराला एखाद्या उपसा सिंचन योजनेसाठी जादा निधी मागायचा असेल, तर त्याला त्याच खात्याच्या मागणीवर लाक्षणिक कपात सूचना (नाममात्र रक्कम कमी करण्याची सूचना) द्यावी लागते, म्हणजे वाढीव पैशाची मागणी कपातीच्या वेषात सभागृहात येते. कर्जावरील व्याज, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन यांसारख्या भारित, म्हणजे थेट एकत्रित निधीवर टाकलेल्या, खर्चावर चर्चा होते, मतदान होत नाही. विधान परिषदेला मागण्यांवर मत नाही आणि विनियोजन विधेयकासारखे धन विधेयक तिला १४ दिवसांत परत पाठवावे लागते. चर्चेचे ठरलेले दिवस संपले की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकल्या जातात, आणि कोट्यवधींच्या तरतुदी काही मिनिटांत मंजूर होतात.

अर्थसंकल्पावरून पेच निर्माण झाला तर पुढे काय होते, हे शासनपद्धतीवर अवलंबून असते. अमेरिकेत अध्यक्ष आणि काँग्रेस स्वतंत्रपणे निवडले जात असल्याने खर्चाची विधेयके अडली की सरकार टिकते, पण कचेऱ्या बंद पडतात. २०१८-१९ मध्ये असे कामकाज अंशतः ३५ दिवस आणि २०२५ मध्ये ४३ दिवस ठप्प होते. भारतात याच्या नेमके उलट घडते. येथे मागणी नाकारली जाणे हा सरकारवरील अविश्वास मानला जात असल्याने कचेरी चालू राहते आणि मंत्रिमंडळ जाते. उत्तराखंडात १८ मार्च २०१६ रोजी सत्ताधारी काँग्रेसच्या ९ आमदारांनी भाजपसह विनियोजन विधेयकावर मतविभागणी मागितली असताना विधानसभा अध्यक्षांनी ते आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर केले. २७ मार्चला तेथे राष्ट्रपती राजवट लागू झाली, आणि १ एप्रिलपासूनच्या खर्चासाठी केंद्राला अध्यादेश काढावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली झालेल्या बहुमत चाचणीनंतर जुने सरकार परत आले.

नवे वर्ष लागले आणि विधेयक संमत नाही, अशी पोकळी राहू नये म्हणून लेखानुदानाची, म्हणजे वर्षाच्या काही भागापुरत्या खर्चाला आगाऊ मंजुरी देण्याची, सोय आहे (राज्यांसाठी अनुच्छेद २०६). निवडणुकीच्या वर्षी तिचा आधार घेतला जातो. आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जन्मलेले आणि सातारा मतदारसंघातून लोकसभेवर गेलेले यशवंतराव चव्हाण हे १९७१ मध्ये केंद्रीय अर्थमंत्री होते. मुदतपूर्व निवडणुकीमुळे त्यांनी त्या वर्षी मार्चमध्ये अंतरिम आणि मेमध्ये पूर्ण अर्थसंकल्प मांडला. महाराष्ट्रात २०२४ मध्येही फेब्रुवारीत अंतरिम आणि जूनमध्ये ‘अतिरिक्त’ अर्थसंकल्प आला.

सातारा-सांगलीच्या अनुभवात मात्र विधेयक अडणे ही मुख्य अडचण कधीच नव्हती. अडले ते तरतुदीचे वाटप. कृष्णेच्या पाण्याचा बच्छावत लवादाचा निवाडा १९७६ मध्ये झाला आणि त्याच्या फेरविचाराची मुदत मे २००० नंतरची होती. वाट्याचे पाणी त्याआधी अडवण्यासाठी १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले व त्याने रोखे काढून बाजारातून पैसा उभा केला. टेंभू, ताकारी, म्हैसाळ, उरमोडी या सिंचन योजनांच्या कामांना त्यातून गती आली, पण परतफेडीचे ओझे अखेर राज्याच्याच अर्थसंकल्पावर आले. सभागृहाच्या मताला बगल देऊन उभारलेला पैसा पुढे सभागृहालाच फेडावा लागतो, याचे हे ठळक उदाहरण मानता येईल. त्याच सुमारास प्रादेशिक समतोलासाठीच्या अनुच्छेद ३७१(२) खालील अधिकारात राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी २००१ मध्ये सिंचन अनुशेषाबाबत, म्हणजे मागे पडलेल्या भागांतील सिंचनाच्या तुटीबाबत, निर्देश दिले आणि विदर्भ-मराठवाड्याकडे निधी वळवण्याचे बंधन आले. एकूण जिल्हा पुढारलेला गणला गेल्याने आटपाडी, कवठेमहांकाळ, खटाव यांसारखे त्याच्या पोटातले दुष्काळी तालुके अनुशेषाच्या हिशेबात दिसेनासे झाले, ही तक्रार येथे आजही ऐकू येते आणि ती निराधार नाही. आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या पाणी परिषदांनी याच तालुक्यांचा प्रश्न लावून धरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातील गावांवर हक्क सांगितला, त्यानंतर या गावांसाठीच्या विस्तारित म्हैसाळ योजनेच्या घोषणेला एकदम वेग आला.

ज्या मंडळांमार्फत अनुशेषाचा हा हिशेब होत असे, त्या वैधानिक विकास मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. मार्च २०२१ च्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मुदतवाढीची मागणी झाली, तेव्हा उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राज्यपालांकडे नियुक्तीसाठी प्रलंबित असलेल्या १२ विधान परिषद सदस्यांच्या नावांशी तिचा संबंध जोडला. निधीचे वाटप आणि राजकीय सौदा एकाच वाक्यात आल्याने विरोधकांनी सभागृहात गदारोळ केला.

मंजूर तरतूदही सुरक्षित असतेच असे नाही. २०२२ मध्ये सत्तांतर झाल्यावर आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या अनेक कामांना शासन आदेशाने स्थगिती मिळाली आणि त्यातील काही प्रकरणे न्यायालयात गेली. याखेरीज वाढलेल्या खर्चाला लागणारी सुधारित प्रशासकीय मान्यता, म्हणजे ठेकेदारांच्या भाषेतली ‘सुप्रमा’, रखडली की तरतूद कागदावर राहते आणि मार्चअखेर व्यपगत होते, म्हणजे आपोआप रद्द होते.

स्थानिक पातळीवर विनियोजन विधेयक नसते, अंदाजपत्रक असते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत आयुक्त ते स्थायी समितीपुढे ठेवतात, समिती फेरबदल करून महासभेकडे पाठवते आणि तेथे नगरसेवक उपसूचना देतात. जमेची बाजू फुगवून वॉर्डातली कामे बसवणे आणि आयुक्तांनी निधी नसल्याचे सांगून ती अडवणे हा या पातळीवरचा नेहमीचा पेच होय. त्यात सभा तहकूब करणे हे दोन्ही बाजूंचे हत्यार असते. मार्च २०२२ मध्ये सातारा व सांगली या दोन्ही जिल्हा परिषदांची आणि ऑगस्ट २०२३ मध्ये या महानगरपालिकेची मुदत संपली, तेव्हा सर्वत्र प्रशासक आले. त्या काळात ज्या अधिकाऱ्याच्या कार्यालयाने अंदाजपत्रक तयार केले, त्याच अधिकाऱ्याने प्रशासक या नात्याने त्याला मंजुरी दिली.