साथकाळातील स्मार्टफोन वापर (भारत)

कोविड-१९च्या साथीत (२०२०–२२) भारतात आरोग्यविषयक माहिती, उपचार, लस आणि प्रवासाची परवानगी मिळवण्यासाठी झालेला स्मार्टफोनचा वापर. सरकारी अ‍ॅपचा गाजावाजा मोठा झाला, पण अडीअडचणीला लोकांच्या उपयोगी पडले ते मुख्यतः व्हॉट्सअ‍ॅप आणि साधा फोन.

केंद्र सरकारने २ एप्रिल २०२० रोजी ‘आरोग्य सेतू’ हे अ‍ॅप आणले. ब्लूटूथ व जीपीएसच्या आधारे बाधिताच्या सहवासात आलेल्यांना सावध करणे हा त्याचा हेतू. ब्लूटूथ सतत चालू ठेवावे लागे आणि समोरच्याकडेही अ‍ॅप असल्याशिवाय सहवासाची नोंद होत नसे. मे महिन्यात कार्यालयांना केलेली सक्ती त्याच महिन्यात सैल झाली. खासगीपणाबद्दलचे आक्षेप मात्र टिकून राहिले. साध्या फोनधारकांसाठी १९२१ हा क्रमांक होता.

अफवाही व्हॉट्सअ‍ॅपच्याच वाटेने पसरल्या. वारंवार पुढे ढकललेला संदेश एका वेळी एकाच गटात वा व्यक्तीला पाठवता येईल, अशी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०२० मध्ये घातली. काढ्याच्या कृतींचा पूर तेवढ्याने ओसरणार नव्हताच.

एप्रिल-मे २०२१च्या दुसऱ्या लाटेत बेड, ऑक्सिजन, प्लाझ्मा, रेमडेसिविर यांच्या याद्या फिरू लागल्या. यादीतले निम्मे नंबर लागत नसत किंवा साठा संपलेला असे. म्हणून तरुण स्वयंसेवक एकेक नंबर फिरवून पुढे ‘व्हेरिफाइड’ आणि वेळ लिहीत. काही तासांनी ती नोंदही शिळी होई. याच गर्दीत आगाऊ पैसे उकळणारे भामटेही होते. समाजमाध्यमांवर बेड-ऑक्सिजनसाठी मदत मागणाऱ्यांवर कारवाई करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२१ रोजी बजावले. मुंबईत बेडवाटप महापालिकेच्या विभागवार वॉर रूममधून (नियंत्रण कक्षांतून) होई, तिथे फोनच करावा लागे.

सर्वांत उघडी विषमता लसीकरणात दिसली. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटाला ‘कोविन’ या सरकारी लसनोंदणी पोर्टलवर नोंदणी सक्तीची झाली. पिनकोड टाकायचा, केंद्रापुढे आकडा दिसला की दाबायचे, कॅप्चा भरेपर्यंत ‘बुक्ड’! स्लॉट उघडल्याची वर्दी देणारे टेलिग्राम गट ज्यांना ठाऊक, त्यांची सरशी होई. पुण्या-मुंबईची मंडळी गाडी काढून ग्रामीण केंद्रांवर पोचली आणि गावकरी आपल्याच आरोग्य केंद्राबाहेर ताटकळले. यात दोष शहरी तरुणापेक्षा पद्धतीचा अधिक, कारण सुरुवातीला मराठीत पोर्टलही नव्हते. एका मोबाइल क्रमांकावर चौघांची नोंद होई, त्यामुळे घरातला किंवा शेजारचा एखादा मुलगा सगळ्यांचे ओटीपी सांभाळत असे. २४ मे रोजी सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा मिळाली. पाठोपाठ या डिजिटल दरीवर सर्वोच्च न्यायालयानेही बोट ठेवले.

मुंबईची लोकल १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन मात्रा घेऊन १४ दिवस झालेल्यांना खुली झाली, तेव्हा हा धडा गिरवलेला दिसतो: क्यूआर कोडचा पास ऑनलाइन काढता येई, आणि फोन नसलेल्यांना प्रमाणपत्राची छापील प्रत दाखवून तो प्रत्यक्ष जाऊन घेण्याची सोय होती.