भावनिक श्रम वेगळे, मेंटल लोड वेगळा

न दिसणाऱ्या कामाबद्दल हल्ली बरंच बोललं जातं, आणि बोललं जायलाच हवं. पण बोलताना दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. मुलाच्या लशीची तारीख लक्षात ठेवली की ‘इमोशनल लेबर’, खेकसणाऱ्या ग्राहकाशी शांतपणे बोलावं लागलं तरी ‘इमोशनल लेबर’. दोन्ही कामं माणसाला दमवतात, दोन्हींचं श्रेय सहसा मिळत नाही, आणि दोन्हींचा भार बायकांवर जास्त पडतो. त्यामुळे गल्लत होणं समजण्यासारखं आहे. पण पहिलं काम मेंटल लोडचं आहे, म्हणजे काय करायचं, कधी करायचं हे सतत डोक्यात वागवण्याचं. दुसरं भावनिक श्रमाचं (हेच खरं ‘इमोशनल लेबर’), म्हणजे नोकरीसाठी स्वतःच्या भावना आवरण्याचं. एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही, म्हणून हा फरक नीट पाहायला हवा.

भावनिक श्रमाची कल्पना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली होकशिल्ड यांनी १९८३ साली पुस्तकरूपाने मांडली. डेल्टा एअरलाइन्समध्ये केबिन क्रूला प्रशिक्षण कसं दिलं जातं, ते त्यांनी जवळून पाहिलं. केबिन म्हणजे आपल्या घरची बैठकीची खोली आणि प्रवासी म्हणजे घरी आलेला पाहुणा असं समजा, हे तिथे शिकवलं जायचं. प्रवासी अंगावर आला तर त्याच्या आयुष्यात काहीतरी बिनसलं असेल, त्याला भीती वाटत असेल, असं मनाशी म्हणायचं, म्हणजे रागच येणार नाही. कंपनीला नुसतं हसू पुरत नव्हतं, हसण्यामागचा भावही हवा होता.

याच अभ्यासात थकबाकी वसूल करणारी माणसंही होती, आणि ही बाजू आज बहुतेक जण विसरतात. त्यांना समोरच्याला धाक बसेल असा आवाज लावायचा होता, दया आली तर ती गिळायची होती. म्हणजे भावनिक श्रम गोड बोलण्यापुरते नाहीत. नोकरीला जी भावना लागते ती स्वतःत आणणं, आणि जी चालत नाही ती दाबणं, हे ते काम. होकशिल्ड यांनी अशा नोकऱ्यांची तीन लक्षणं सांगितली होती: लोकांशी समोरासमोर किंवा आवाजातून संपर्क, त्यांच्या मनात ठरावीक भावना निर्माण करण्याची अपेक्षा, आणि कर्मचाऱ्याच्या भावनांवर मालकाची देखरेख. घरात, नात्यात आपण स्वतःला आणि दुसऱ्याला सांभाळून घेतो त्याला त्यांनी वेगळं नाव ठेवलं होतं, ‘इमोशन वर्क’. तिथेही मनाला कष्ट पडतात, पण त्यांचा पगार नसतो आणि त्यावर सुपरवायझरही नसतो. आपल्या संज्ञेचा वापर फार पसरट आणि धूसर झाला आहे, असं होकशिल्ड यांनी स्वतः २०१८ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं.

मेंटल लोडची मुळं फ्रान्समध्ये सापडतात. मोनिक एको या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८४ मध्ये नोकरी करणाऱ्या विवाहित स्त्रियांबद्दल लिहिताना दाखवलं, की या स्त्रियांचं ओझं म्हणजे नोकरी आणि घरकाम यांची नुसती बेरीज नाही. नोकरीवर असताना घर डोक्यात आणि घरी असताना नोकरी डोक्यात, हे दोन्ही एकाच वेळी जुळवत राहणं, हा भार वेगळाच आहे. पुढे २०१७ मध्ये एका फ्रेंच चित्रकर्तीच्या कॉमिकमुळे हा शब्द देशोदेशी पोचला.

नेमकं काय डोक्यात असतं, याची सर्वांत स्वच्छ मांडणी मला समाजशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन डेमिंजर यांच्या २०१९ च्या संशोधनात दिसते. त्यांनी अमेरिकेतल्या ३५ जोडप्यांच्या, म्हणजे ७० जणांच्या, सविस्तर मुलाखती घेतल्या आणि या कामाचे चार टप्पे वेगळे केले: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि काम पार पडलं का यावर लक्ष ठेवणं. लशीचंच पाहा. पुढचा डोस कधी आहे हे कुणीतरी आधी आठवलेलं असतं. त्या दिवशी मुलाला ताप नाही ना, रजा कुणी घ्यायची, लसीकरणाचं कार्ड कुठे आहे, हे कुणीतरी पाहिलेलं असतं. रात्री अंग तापलं तर काय द्यायचं हे विचारून ठेवलेलं असतं, आणि घरी आल्यावर पुढची तारीख लिहून ठेवलेली असते. मुलाला घेऊन दवाखान्यात जाणं हा यातला फक्त मधला तुकडा. तो तुकडा उचलणारा माणूस मनापासून म्हणतो, “सांगितलं असतंस तर सगळं केलं असतं.” तो खोटं बोलत नसतो. सांगणं हेही एक काम आहे, हे त्याला दिसलेलं नसतं.

डेमिंजर यांना आढळलं की या चारांपैकी निर्णय घेण्याचा टप्पा त्यातल्या त्यात समान वाटला जातो. आधी ओळखणं आणि मागे लागून लक्ष ठेवणं हे मात्र स्त्रियांकडेच जास्त असतं. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. ‘आमच्या घरी सगळे निर्णय दोघं मिळून घेतो’ हे वाक्य शंभर टक्के खरं असूनही ओझं एकाच डोक्यावर असू शकतं.

ओळखायची एक साधी कसोटी आहे. हे काम तोंड पाडून केलं तर ते झालं असं म्हणता येईल का? चिडत, वैतागत लशीची तारीख लिहून ठेवली तरी ती लिहिली जाते. हा मेंटल लोड. नर्सने रात्री तीन वाजता आरडाओरडा करणाऱ्या नातेवाइकाला वैतागून उत्तर दिलं तर माहिती पोचते, पण तिच्याकडून अपेक्षित काम बिघडतं. हे भावनिक श्रम. तोच नातेवाईक निघून गेल्यावर ती कुठल्या रुग्णाचा कुठला रिपोर्ट यायचा राहिलाय हे डोक्यात घोळवत असते, तेव्हा तो मेंटल लोड. शिक्षकांचंही तसंच. एकाच नोकरीत, एकाच तासात दोन्ही येतात.

घरात तर ही दोन कामं हमखास गुंततात. जोडीदाराला आठवण करून द्यायची, पण ती टोचू नये म्हणून शब्द निवडायचे, सूर हलका ठेवायचा. आठवण ठेवणं हा मेंटल लोड, सूर सांभाळणं हे इमोशन वर्क. भांडण होतं तेव्हा माणसं सुराबद्दल बोलत असतात (‘तू नेहमी अशा सुरात सांगतेस’) आणि मूळ प्रश्न आठवण कुणी ठेवायची हा असतो.

लिंगभेद दोन्हींत आहे, पण त्याची तऱ्हा वेगळी. होकशिल्ड यांनी पाहिलं की तोच गणवेश, तेच काम, तरी प्रवाशांचा राग स्त्री कर्मचाऱ्यांच्या वाट्याला जास्त यायचा. पुरुष कर्मचाऱ्याचा शब्द लोक मुकाट्याने ऐकायचे. समाजात ज्याला मान कमी, त्याला राग झेलण्यापासून संरक्षणही कमी. मेंटल लोडमध्ये असा आरडाओरडा नसतो. तिथे ‘तिला हे सगळं बरोब्बर लक्षात राहतं’ अशा कौतुकातून जबाबदारी चिकटते. हे कौतुक मला तरी निरागस वाटत नाही.

आरोग्याच्या दृष्टीने भावनिक श्रमावर बरंच काम झालं आहे. चेहऱ्यावर एक आणि मनात दुसरंच ठेवणं, म्हणजे सरफेस अ‍ॅक्टिंग, याचा थकवा आणि बर्नआउटशी संबंध पुन्हा पुन्हा दिसतो. भावना खरोखर बदलण्याच्या प्रयत्नाचा, म्हणजे डीप अ‍ॅक्टिंगचा, तसा ठळक संबंध दिसत नाही. २०११ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून घेतलेला आढावाही हेच सांगतो. यातून मालकाने काय करायला हवं ते स्पष्ट आहे: शिवीगाळ करणाऱ्या ग्राहकाचा फोन ठेवण्याची परवानगी, दोन कॉलमध्ये उसंत, या कौशल्याचा पगारात हिशोब. मेंटल लोडवर यातलं काहीच कामाचं नाही. तिथे जबाबदारी आठवण्यापासून पाठपुराव्यापर्यंत अख्खी दुसऱ्याकडे जावी लागते, आणि दुसऱ्याने ती वेगळ्या पद्धतीने केली तरी चालवून घ्यावं लागतं. नुसती यादी करून हातात दिली तर ओझं जागचं हलत नाही, कारण यादी करणं हाच त्याचा मोठा भाग आहे.

संशोधन करणाऱ्यांनी, विशेषतः पदवीच्या प्रकल्पासाठी प्रश्नावली बनवणाऱ्या विद्यार्थ्यांनी, हे प्रश्न वेगळे ठेवावेत. ‘घरातली कामं कोण करतं?’ असं विचारलं तर हातांची मोजणी होते, डोक्याची नाही. त्याऐवजी एकच ताजं काम घ्यावं आणि विचारावं: हे करायचं आहे हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं? झालं का, हे नंतर कुणी पाहिलं? आणि नोकरीबद्दल वेगळा प्रश्न: गेल्या आठवड्यात मनात नसलेली कुठली भावना कामासाठी दाखवावी लागली, आणि नसती दाखवली तर वरिष्ठ काय म्हणाले असते?