नव्या वसाहतीचं ड्रेनेज प्लॅनिंग

मोकळ्या जमिनीचे प्लॉट पाडून तिथे रस्ते, पाण्याची लाइन, वीज, गटारं करायची आणि घरं बांधण्याजोगी जागा तयार करायची याला लेआउट किंवा नवी वसाहत म्हणतात, आणि त्या जागेवर पडणारं पावसाचं पाणी नि घरांतून निघणारं सांडपाणी कुठून, किती वेगाने आणि कुणाच्या दारात न शिरता बाहेर पडणार हे खोदाईच्या आधी ठरवणं म्हणजे ड्रेनेज प्लॅनिंग. बऱ्याच ठिकाणी आधी प्लॉट पाडतात, मग रस्ते आखतात आणि उरलेल्या पट्टीत गटार बसवतात. हा क्रम चुकीचा आहे. रस्ता वळवता येतो, प्लॉट लहानमोठा करता येतो, पाणी मात्र उताराकडेच जाणार.

सुरुवात होते लेव्हल घेण्यापासून. टोटल स्टेशनने (अंतर आणि उंची मोजायचं यंत्र) किंवा ड्रोनने सर्व्हे करून साधारण अर्ध्या अर्ध्या मीटरचा कंटूर नकाशा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा काढतात, जमीन सपाट असेल तर त्याहून बारीक. नकाशावर कंटूर जिथे टोक चढाकडे करून वाकतात तिथून पाणी वाहतं. कोरड्या दिवसांत जागेवर गेलं तर तो ओहोळ दिसतही नाही, गवताची एक पट्टी आजूबाजूपेक्षा जरा हिरवी असते, दगडांच्या एका बाजूला काडीकचरा अडकलेला असतो, बस एवढंच. त्या पट्टीवर भराव टाकून प्लॉट पाडला की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी जुनी वाट शोधत थेट त्या घराच्या जोत्याला येऊन लागतं. म्हणून अशी पट्टी मोकळी सोडायची, बाग करा, पायवाट करा, पण भराव नको. दुसरी गोष्ट म्हणजे सर्व्हे फक्त आपल्या हद्दीपुरता करून भागत नाही, वरच्या अंगाच्या जमिनीतून उतरून येणारं पाणीही आपल्याच लेआउटमधून जाणार असतं आणि ते धरलं नाही तर पुढची सगळी गणितं बरोबर असूनही चूक ठरतात.

मातीही तपासावी लागते. खड्डा खणायचा, आधी भिजू द्यायचा, मग पाणी भरून ते तासाला किती मिलीमीटर खाली जातं ते बघायचं. वाळूमिश्रित जमिनीत भराभर मुरतं, चिकण मातीत दुसऱ्या दिवशीही तसंच दिसतं, तिथे शोषखड्ड्यांच्या भरवशावर राहू नये. भूजल वर असेल तरी तेच.

आता पाणी किती येणार. छोट्या क्षेत्रासाठी सगळीकडे वापरलं जातं ते रॅशनल सूत्र, त्याचा पाया १८५१ मध्ये मुल्वनी या आयरिश इंजिनिअरने घातला आणि १८८९ मध्ये कुईचलिंगने अमेरिकेत ते शहरी गटारांसाठी वापरात आणलं. वाहून जाणाऱ्या पाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसातला किती हिस्सा न मुरता वाहतो तो आकडा), पावसाची तीव्रता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार, एवढंच ते आहे (मिमी प्रति तास आणि हेक्टर घेतले तर ३६० ने भागायचं, उत्तर घनमीटर प्रति सेकंद). समजा १ हेक्टर गवताळ जमीन आहे, गुणांक ०.२ धरला, तासाला ५० मिमी दराने पाऊस पडतोय, तर सेकंदाला साधारण २८ लिटर वाहतील. त्याच जमिनीवर छपरं, डांबर, फरशी झाली की गुणांक ०.७ च्या आसपास जातो आणि तेच पाणी ९७ लिटर होतं. पाऊस तोच, जागा तीच, पाणी साडेतीन पट! शिवाय गवतातून रेंगाळत येणारं पाणी आता रस्त्यावरून धावत येतं, म्हणजे सगळीकडचं पाणी शेवटच्या टोकाला आधीपेक्षा लवकर गोळा होतं आणि थोड्या वेळाची सर जास्त जोराची असते म्हणून त्या कमी वेळासाठी पावसाची तीव्रता जास्त धरावी लागते, त्यामुळे खरा फरक याहूनही मोठा असतो. आणखी एक गोष्ट बऱ्याचदा सुटते, बांधकामाच्या गाड्या आणि रोलर फिरून दबलेल्या जमिनीवर नंतर वरून हिरवळ लावली तरी ती पूर्वीसारखं पाणी पीत नाही, तिला जुन्या गवताचा गुणांक लावणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

पाइपचा आकार मॅनिंगच्या सूत्राने काढतात, व्यास, ढाळ आणि आतला खडबडीतपणा यांवरून पाइप किती पाणी नेईल ते त्यातून कळतं. वर सांगितलेल्या ९७ लिटरसाठी ३०० मिमी काँक्रीट पाइप २०० ला १ या ढाळाने (२०० मीटरला १ मीटर उतार) टाकला तर तो पूर्ण भरूनही सेकंदाला ६८ लिटरच्या आसपास नेतो, पुरत नाही. ३७५ मिमी घेतला की १२० च्या वर जातो. व्यास दुप्पट केला तर क्षमता सहापटीच्याही वर जाते, त्यामुळे एक साइज मोठा पाइप टाकायला कंजूसपणा करू नये. ढाळ फार कमी असेल तर गाळ बसतो, फार जास्त असेल तर पाइप घासतो.

पाइप कितीही मोठा घ्या, कधीतरी त्याच्याही पलीकडचा पाऊस येणारच. म्हणून दोन व्यवस्था धरतात. २ ते १० वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी पाइप आणि रस्त्यावरचं पाणी त्यात घेणाऱ्या जाळ्या, आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसासाठी जमिनीवरून वाहायची मोकळी वाट, म्हणजे रस्ताच थोडा वेळ नाल्याचं काम करेल पण घरांची जोती त्याच्या वर राहतील. १०० वर्षांचा पाऊस म्हणजे एकदा येऊन गेला की शंभर वर्षं निवांत असं मुळीच नाही. दरवर्षी १ टक्का शक्यता असा त्याचा अर्थ, आणि ३० वर्षांचा हिशोब केला तर तो निदान एकदा येण्याची शक्यता २६ टक्क्यांच्या आसपास निघते, म्हणजे घराचं कर्ज फिटेपर्यंत चारातला एक चान्स. रस्त्याच्या सगळ्यात सखल बिंदूला एकच जाळी ठेवतात ती तर मला कधीच पटत नाही, पालापाचोळा आणि एखादी प्लास्टिकची पिशवी त्यावर चिकटली की खालचा पाइप रिकामा आणि वर गुडघाभर पाणी. तिथे कमीत कमी दोन जाळ्या हव्यात आणि त्या तुंबल्या तर पाणी कुठून निसटेल तेही आखलेलं हवं.

वाढलेलं पाणी खालच्या वस्तीवर सोडून द्यायचं नाही म्हणून डिटेन्शन तलाव, म्हणजे पाणी थोडा वेळ अडवून ठेवणारा तलाव करतात. आपल्या उदाहरणात ९७ वजा २८ म्हणजे सेकंदाला ६९ लिटर जास्तीचे, असा पाऊस अर्धा तास टिकला तर ढोबळमानाने १२४ घनमीटर पाणी धरून ठेवायचं आणि तळाच्या छोट्या भोकातून हळूहळू सोडायचं. वर मोठ्या पावसासाठी दुसरं तोंड आणि सगळ्यात वर सांडवा, नाहीतर बांधच फुटायचा. इथे एक मेख आहे, लेआउट ओढ्याच्या खालच्या टोकाला असेल तर पाणी थांबवून ठेवल्याने ते नेमकं वरून येणाऱ्या लोंढ्याच्या वेळीच सुटू शकतं, अशा जागी तलावाने उलट त्रास वाढतो, म्हणून पूर्ण ओढ्याचा हिशोब केल्याशिवाय तलाव आखू नये.

सांडपाण्याची लाइन वेगळीच ठेवायची. तिच्यात घाण बसू नये म्हणून वेग सेकंदाला निदान ०.६ मीटर लागतो, आणि दिशा, ढाळ किंवा व्यास बदलतो तिथे मॅनहोल. छपराचा पाइप कुणी या लाइनीत जोडला की जोराच्या पावसात तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं वर येतं.

प्रत्येक प्लॉटवर घरापासून पहिल्या ३ मीटरमध्ये निदान १५ सेंमी उतार बाहेरच्या बाजूला द्यावा. मागच्या हद्दीवरची सामाईक चर कागदोपत्री हक्काची पट्टी म्हणून नोंदवून ठेवावी, कारण लोक तिथेच शेड टाकतात, कंपाउंड घालतात आणि मग वरच्या तीन घरांचं अंगण तुंबतं.

काम चालू असताना उघडी माती वाहून नव्या पाइपात भरते, त्यासाठी आधी गाळ बसायचा खड्डा आणि कडेने गाळ अडवायचं कापड लावून घ्यावं, आणि रस्ते झाल्यावर सगळी चेंबर उघडून साफ करावीत. लेआउट ताब्यात देताना तलावाचा गाळ कोण काढणार आणि खर्च कोण करणार हे लिहून घ्यायलाच हवं, नाहीतर काही वर्षांत तो भरत जातो, तळाचं भोक बुजतं आणि पाणी प्रत्येक पावसात सांडव्यावरूनच जायला लागतं.