ताडोबाचे दोन उन्हाळे

जंगल बंद होणं ताडोबाच्या फाटकावरच्या मोहर्ली गावाला नवं नाही. ताडोबाचा कोअर, म्हणजे गाभ्याचा भाग दरवर्षी जुलै ते सप्टेंबर पर्यटकांसाठी बंदच असतो. तेवढ्या दिवसांत जिप्सीवाले गाडीचं काम काढतात, गाईड धानाच्या रोवणीला जातात. मग २०२० चं कुलूप एवढं जड का गेलं?

किती महिने बंद होतं यापेक्षा कोणते महिने बंद होतं, ते बघावं लागतं. एप्रिल-मेमध्ये सागाची पानं गळलेली, नाले आटलेले. वाघ पाणवठ्यावर येतो आणि लांबूनही दिसतो. पंचेचाळीस अंशांत लोक उघड्या जिप्सीत बसतात ते यासाठीच, आणि गावाची मुख्य कमाईही तेव्हाच होते. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०१२ ला व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन थांबवलं, १६ ऑक्टोबरला बंदी उठली. बातमी देशभर गाजली, पण ते दिवस बहुतेक पावसाळी सुट्टीतच जिरले. कोरोनाने २०२० चा उन्हाळा नेला, पाठोपाठ पावसाळा आला, आणि २०२१ च्या उन्हाळ्यातही फाटकं लागलीच.

संकटानंतर पर्यटक साधारण एका क्रमाने परततात: जवळचे आधी, लांबचे शेवटी. नागपूरच्या माणसाला चंद्रपूरची खबर मेहुण्याच्या फोनवर मिळते; परदेशातल्या माणसाला अख्खा भारत नकाशावर एकाच रंगात दिसतो. जगात २०१९ मध्ये सुमारे १४६ कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक फिरले, २०२० मध्ये जेमतेम ४० कोटी. जुन्या आकड्याजवळ पोचायला २०२४ उजाडलं. ताडोबाची भिस्त देशी पर्यटकांवर, हे तेव्हा पथ्यावर पडलं.

पण गिऱ्हाईक आलं म्हणजे धंदा उभा राहिला असं होत नाही. मोहर्लीत एका जिप्सीवाल्याने बॉनेट उघडून दाखवलं होतं. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, त्यावर गुंडाळलेली काळी टेप.

"गाडी उभी राहिली का सडते जी," तो म्हणाला. "अन् हप्ता काही उभा राहत नाही."

वायरी बदलता येतात. त्याच्यासोबतचा गाईड मात्र दुसऱ्या उन्हाळ्यात पुण्याला गेला. चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याची हाक, नुसता दचकून आलेला की खरंच वाघ बघून, हे त्याला आवाजावरून कळायचं. ते शिकायला दहा-बारा वर्षं लागतात, आणि प्रशिक्षण वर्गात त्याचा जेमतेम श्रीगणेशा होतो. बुकिंग पुन्हा फुल झालं, तरी तो परतला नाही. पुण्यात एका सोसायटीच्या गेटवर त्याची रात्रपाळी असते.