रेकॉर्डिंगमधली ‘टिक’ आणि तिच्यावरचे जुने-नवे उपाय

तानपुरा रेकॉर्ड करताना संगणकाची खोट चटकन उघडी पडते. ड्रम्स आणि गिटारच्या गलक्यात आवाज क्षणभर तुटून आलेली एखादी ‘टिक’ खपून जाते, पण तानपुऱ्याच्या अखंड नादात ती लपत नाही. उपाय विचारायला गेलात तर दहा जण दहा गोष्टी सांगतील. बफर (आवाजाचा तात्पुरता साठा) वाढवा, वाय-फाय बंद करा, फायरवायरची (यूएसबीसारखी एक जुनी जोडणी) चिप कोणती आहे ते बघा, विंडोजमध्ये ‘बॅकग्राउंड सर्व्हिसेस’ला प्राधान्य द्या, साउंड कार्डाचा आयआरक्यू (प्रोसेसरचं लक्ष वेधून घेणारी लाइन) बदला. यातला प्रत्येक उपाय कधी ना कधी खरा होता. तो कोणत्या काळातला आहे हे माहीत नसेल, तर अख्खा रविवार नसत्या खटपटीत जातो आणि गायक कंटाळून घरी जातो.

संगणकाने आवाज काढायला सुरुवात केली तेव्हा ही अडचण नव्हतीच. १९५७ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये मॅक्स मॅथ्यूज यांच्या प्रोग्रॅमने सतरा सेकंदांची रचना वाजवली, पण आधी सगळी आकडेमोड उरकून आणि मग टेपवरून. आकडेमोडीला कितीही वेळ लागला तरी आवाज बिघडण्याचं कारण नव्हतं. १९८३ मध्ये वाद्यं आणि संगणक यांना जोडणारं मिडी आलं आणि १९८५ मध्ये मिडीचे पोर्ट अंगचेच असलेला अटारी एसटी हा संगणक आला. तिथेही संगणक फक्त ‘हा सूर आता दाबा’ एवढाच निरोप पाठवायचा. आवाज सिंथेसायझर काढायचा. १९९१ च्या प्रो टूल्स या रेकॉर्डिंगच्या प्रणालीत खरा आवाज संगणकात शिरला, पण त्यावरची प्रक्रिया वेगळ्या कार्डावरच्या खास चिप करत. ती कार्डं महाग होती, पण मुख्य प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकला तरी आवाजाला सहसा धक्का लागत नसे.

चित्र पालटलं ते १९९६ मध्ये. स्टाइनबर्ग कंपनीच्या क्युबेस व्हीएसटी या प्रोग्रॅमने मॅकवर मिक्सर आणि इफेक्ट्स थेट मुख्य प्रोसेसरवर चालवले, आणि पुढच्या वर्षी विंडोजवरही. खास कार्डाशिवाय घरच्या घरी स्टुडिओ उभा करता येऊ लागला, ही फार मोठी गोष्ट होती. ‘टिक’ घरोघर पोचली तीही याच वाटेने.

घडतं ते असं. सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची एकेक मोजणी) या वेगाने आवाज वाहत असतो. बफर २५६ नमुन्यांचा असेल तर एक घास ५.८ मिलिसेकंदांत संपतो, आणि तेवढ्यात पुढचा तयार लागतो. एकदा जरी उशीर झाला तरी लहर मध्येच तुटते आणि कानाला टिक ऐकू येते. म्हणूनच ‘प्रोसेसर तर वीसच टक्के वापरात आहे, मग अडतंय कुठे?’ हा प्रश्न गैरलागू ठरतो. ती टक्केवारी सरासरी असते. इथे एकही हप्ता चुकून चालत नाही. बफर १०२४ केला तर २३ मिलिसेकंदांची सवड मिळते, पण तेवढाच उशीर आवाज आत येताना आणि बाहेर जाताना असा दोनदा लागतो. हेडफोनमध्ये स्वतःचाच आवाज मागाहून ऐकू आला की गायकाची लय ढळते.

विंडोज मुळात ऑफिसच्या कामासाठी घडलेलं. फाइल कॉपी होताना दहा मिलिसेकंद इकडे-तिकडे झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. विंडोज ९८ ते एक्सपीच्या काळात प्रत्येक आवाज केमिक्सर नावाच्या थरातून जायचा आणि तिथेच सुमारे ३० मिलिसेकंद खर्ची पडायचे. स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेल्या आसिओ या ड्रायव्हर-पद्धतीने हा थर टाळून कार्डाशी थेट वाट काढली. ‘बॅकग्राउंड सर्व्हिसेस’चा सल्ला एक्सपीच्या दिवसांतला. आयआरक्यूचाही जुनाच, कारण तेव्हा सोळाच इंटरप्ट लाइन असत आणि साउंड कार्ड आणि ग्राफिक्स कार्ड एकाच लाइनीवर आली की चरचर सुरू. फायरवायरचे इंटरफेस (माइक संगणकाला जोडणाऱ्या पेट्या) आल्यावर ‘चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचीच हवी’ हा अनुभवातून आलेला नियम झाला, कारण काही इतर चिपवर आवाज तुटत असे. आजच्या यूएसबी इंटरफेसवाल्याला या तीन सल्ल्यांतलं काहीच सहसा लागू पडत नाही.

मॅक ओएस टेनमध्ये अॅपलने कोअर ऑडिओ हा कमी उशिराचा मार्ग मूळ रचनेतच ठेवला. संगीतकारांचा मॅककडे ओढा राहिला त्यामागे हेही एक कारण आहे, असं मला वाटतं. लिनक्सवाल्यांनी तर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभाच बदलायला घेतला. वेळेची हमी देणारे ते बदल जवळपास वीस वर्षं वेगळे पॅच म्हणून जगले आणि २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत मुख्य प्रवाहात आले. ही चिकाटी मला मनापासून मोठी वाटते.

आज विंडोजवर पहिला संशय जातो तो ड्रायव्हरवर, म्हणजे एखादा भाग चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर. वाय-फाय, ग्राफिक्स किंवा बॅटरीचा ड्रायव्हर काही मिलिसेकंद प्रोसेसर अडवून बसतो आणि तेवढ्यात बफर रिकामा होतो. ‘वाय-फाय बंद करा’ हा सल्ला म्हणूनच अजून टिकून आहे. लेटन्सीमॉनसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये अडवणारा ड्रायव्हर नावानिशी दिसतो, तेव्हा अंदाजाने दहा सेटिंग बदलण्यापेक्षा आधी तो चालवावा. लॅपटॉपवर वीज वाचवणारा मोडही बघावा. काम हलकं दिसलं की प्रोसेसर वेग उतरवतो आणि पुन्हा चढवेपर्यंत उशीर होतो.

एक दुखणं मात्र या सगळ्यांहून वेगळं आहे. दोन डिजिटल यंत्रं जोडली आणि दोन्ही नमुन्यांचा वेग ठरवणाऱ्या आपापल्या घड्याळावर चालू राहिली, तर एकाच्या ४४,१०० नमुन्यांत दुसऱ्याचे ४४,१०१ होतात. जास्तीचा नमुना कुठेतरी गळतो आणि टिक ठरावीक अंतराने येत राहते. ड्रायव्हरमुळे येणारी टिक सहसा अशी नेमाने येत नाही. घड्याळं न जुळल्याने येणाऱ्या टिकेवर बफर कितीही वाढवला तरी गुण येत नाही. एका यंत्राचं घड्याळ मुख्य ठेवून दुसऱ्याला सेटिंगमध्ये ‘एक्स्टर्नल’ करायचं. दोन मिनिटांचं काम आहे.