जपान ओपन गोल्फ स्पर्धा

जपान ओपन गोल्फ स्पर्धा : जपानमधील गोल्फची राष्ट्रीय खुली अजिंक्यपद स्पर्धा. १९२७ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा जपान गोल्फ असोसिएशन भरवते. ती साधारणपणे ऑक्टोबरमध्ये होते. चार दिवस रोज १८ होल (चेंडू टाकायचे खळगे) खेळायचे आणि ७२ होलांत ज्याचे फटके सर्वांत कमी, तो विजेता. ‘ओपन’ म्हणजे व्यावसायिक आणि हौशी अशा दोघांनाही खुली. स्पर्धेच्या इतिहासात या एका शब्दाला फार महत्त्व आहे, कारण तिचा पहिलाच विजेता हौशी खेळाडू होता आणि दुसरा हौशी विजेता मिळायला पुढे ९५ वर्षे जावी लागली.

जपानच्या व्यावसायिक दौऱ्यातील, म्हणजे वर्षभराच्या स्पर्धामालिकेतील, बहुतेक स्पर्धांच्या नावांत कुठे टायरची, तर कुठे तंबाखूची कंपनी असते. जपान ओपनच्या नावात फक्त देश आहे. तिला कायमचे मैदानही नाही. दरवर्षी वेगळा क्लब तिचे यजमानपद घेतो आणि त्यासाठी मैदान मुद्दाम अवघड केले जाते. फटका मारायच्या मुख्य पट्ट्या अरुंद करतात, कडेचे गवत वाढू देतात आणि शेवटच्या टप्प्यातली हिरवळ, म्हणजे ग्रीन, घट्ट व वेगवान ठेवतात. १९९९ मध्ये होक्काइडोतील ओतारू येथे नाओमिची ओझाकी जिंकला, तो पारपेक्षा १० फटके जास्त घेऊन. पार म्हणजे त्या मैदानावर कसलेल्या खेळाडूकडून अपेक्षित असलेले फटके. एरवीच्या स्पर्धांत विजेते पारच्या खाली असतात, हे लक्षात घेतले की त्या आठवड्यात बाकीच्यांचे किती हाल झाले असतील याची कल्पना येते.

जपानमध्ये गोल्फ आणले ते कोबे बंदरातील परदेशी व्यापाऱ्यांनी. आर्थर ग्रूम या इंग्रज व्यापाऱ्याच्या पुढाकाराने रोक्को डोंगरावर १९०३ मध्ये देशातील पहिला क्लब उभा राहिला. आसपासच्या गावांतली पोरे तिथे खेळाडूंच्या पिशव्या वाहायला जात. या कॅडी पोरांमधूनच जपानचे पहिले व्यावसायिक खेळाडू तयार झाले. हौशी खेळाडू मात्र वेगळ्या थरातले. ते क्लबांचे सभासद होते, पैसेवाले होते आणि बरेचसे परदेशात शिकून आलेले होते. १९२४ मध्ये सात क्लबांनी मिळून जपान गोल्फ असोसिएशन स्थापन केली आणि तीन वर्षांनी खुली स्पर्धा जाहीर झाली.

पहिली स्पर्धा २८ आणि २९ मे १९२७ रोजी योकोहामाजवळच्या होदोगाया क्लबवर झाली. खेळाडू फक्त १७ : १२ हौशी आणि ५ व्यावसायिक. रोज ३६ होल खेळून दोन दिवसांत स्पर्धा आटोपली. रोकुरो आकाहोशी हा सधन घरातला तरुण अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकताना गोल्फ आत्मसात करून परतला होता. तो ३०९ फटक्यांत जिंकला. दुसऱ्या स्थानावरचा व्यावसायिक रोकुझो आसामी तब्बल १० फटके मागे होता. हे अंतर कौशल्याइतकेच शिक्षणाचे होते. आकाहोशी आधुनिक स्विंग, म्हणजे काठी फिरवून फटका मारण्याची पद्धत, जिथे घडत होता तिथे राहून शिकला होता, तर कॅडी पोरे साहेबांचे फटके लांबून बघून शिकली होती. आकाहोशीने नंतर सागामी आणि आबिको ही मैदाने आखली. ती आजही नावाजलेली आहेत.

व्यावसायिकांनी ही तफावत फार लवकर भरून काढली. विशीच्या उंबरठ्यावरच्या आसामीने पुढच्याच वर्षी स्पर्धा जिंकली आणि त्यानंतरचे दशक तोमेकिची मियामोतोचे ठरले. रोक्कोवर कॅडी म्हणून सुरुवात केलेल्या या खेळाडूने १९२९, १९३०, १९३२, १९३५, १९३६ आणि १९४० अशी सहा वेळा स्पर्धा जिंकली. हा विक्रम अजून अबाधित आहे. १९३२ मध्ये तो ब्रिटिश ओपन आणि यूएस ओपन या दोन्ही स्पर्धांत उतरला. अमेरिकेत खुद्द बॉबी जोन्सला, तिथल्या विख्यात गोल्फपटूला, एका सामन्यात हरवून त्याने पाच डॉलरची पैज जिंकली आणि त्या नोटेवर जोन्सची सही घेतली. पिशव्या वाहणाऱ्या पोराच्या हाती आलेली ती नोट मला सहा करंडकांहून कमी मोलाची वाटत नाही.

१९३४ मध्ये मुरोतो चक्रीवादळाने कान्साई भागाची दैना केली आणि त्या वर्षीची स्पर्धा रद्द झाली. याच दशकाच्या उत्तरार्धातील विजेत्यांची यादी नीट वाचायला हवी. १९३७ चा विजेता चेन चिंग-शुई आणि १९३८ चा लिन वान-फू हे दोघे तैवानचे, तर १९४१ चा योन दोक-चुन कोरियाचा होता. तैवान आणि कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होते. त्यामुळे जपानी कागदपत्रांत ही नावे जपानी उच्चाराने किंवा बदललेल्या रूपात येतात आणि योनचे नाव तर ‘नोबुहारा’ असे लागते. योन हा कोरियाचा पहिला व्यावसायिक गोल्फपटू मानला जातो. ज्या देशाचे नाव लावून खेळायची मुभा नव्हती, त्या देशाच्या माणसाने राज्यकर्त्यांची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, ही गोष्ट या नोंदीत तळटीप म्हणून टाकण्यासारखी नाही. पुढे १९७२ मध्ये दक्षिण कोरियाचा हान चांग-सांग मासाशी ‘जम्बो’ ओझाकीला एका फटक्याने मागे टाकून जिंकला, तेव्हा मध्ये ३१ वर्षे गेली होती. किम क्युंग-ते आणि बे सांग-मून यांनी २०१० आणि २०११ अशी लागोपाठ दोन वर्षे करंडक कोरियात नेला.

युद्धामुळे १९४२ ते १९४९ या काळात स्पर्धा झाली नाही. १९५० मध्ये ती पुन्हा सुरू झाली आणि योशिरो हायाशी विजेता ठरला. गोल्फ घराघरांत पोहोचला तो मात्र १९५७ मध्ये. कासुमिगासेकी येथील कॅनडा कप या जागतिक सांघिक स्पर्धेत तोराकिची नाकामुरा आणि कोइची ओनो यांनी बलाढ्य अमेरिकेला हरवले. सामन्याचे चित्रण दूरचित्रवाणीवर दिसले आणि देशभर गोल्फची लाट आली. नाकामुराने जपान ओपन १९५२, १९५६ आणि १९५८ अशी तीनदा जिंकली. १९६३ चा विजेता तोइचिरो तोदा तेव्हा ४८ वर्षांचा होता. त्याचे आधीचे विजेतेपद १९३९ चे, म्हणजे दोन विजयांमध्ये २४ वर्षे आणि एक महायुद्ध.

१९७३ मध्ये व्यावसायिक दौऱ्याची रीतसर घडी बसली आणि तीन नावांचा काळ सुरू झाला : मासाशी ‘जम्बो’ ओझाकी, इसाओ आओकी आणि त्सुनेयुकी नाकाजिमा. ओझाकी मूळचा बेसबॉलपटू होता. शालेय राष्ट्रीय स्पर्धा जिंकून देणारा गोलंदाज म्हणून तो व्यावसायिक संघात गेला, तिथे जम बसला नाही आणि तो गोल्फकडे वळला. त्याने जपान ओपन पाच वेळा जिंकली, नाकाजिमाने चार वेळा आणि आओकीने दोनदा.

त्यांतली १९८८ ची स्पर्धा तोक्यो गोल्फ क्लबवर झाली. ती जपानी गोल्फप्रेमींच्या एका पिढीला अजून पाठ आहे. शेवटच्या होलवर ओझाकीचा चेंडू खळग्यापासून जेमतेम मीटरभर अंतरावर होता. तो टाकला तर विजय. चुकला तर आओकी आणि नाकाजिमा हे दोघेही बरोबरीत. ओझाकी चेंडूपाशी उभा राहिला आणि मागे सरला. पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा मागे सरला. लांब फटक्यांसाठी ज्याचे नाव घेतले जाई, त्या आडदांड माणसाचे हात एका मीटरसाठी हलत नव्हते. तिसऱ्या वेळी त्याने चेंडू ढकलला आणि तो आत गेला. चेंडूसमोरून दोनदा परत फिरणे हा भित्रेपणा नव्हता. हात तयार नाहीत हे कबूल करून हजारो लोकांसमोर थांबायलाही छाती लागते. पुढच्या वर्षी नागोयाला त्याने विजेतेपद राखले.

परदेशी विजेत्यांत सर्वांत मोठे नाव सेवे बायेस्तेरोसचे. १९७७ मध्ये हा स्पॅनिश खेळाडू नाराशिनो येथे जिंकला तेव्हा अवघा २० वर्षांचा होता. पुढच्या वर्षी योकोहामात त्याने ग्रॅहम मार्शला प्लेऑफमध्ये, म्हणजे बरोबरीनंतरच्या जादा होलांत, हरवले. हे दोन्ही विजय त्याच्या ब्रिटिश ओपन आणि अमेरिकेतील मास्टर्स विजेतेपदांच्या आधीचे आहेत. फिलिपीन्सचा बेन आर्दा, ऑस्ट्रेलियाचे क्रेग पॅरी व पॉल शीहान, न्यूझीलंडचा डेव्हिड स्मेल आणि दक्षिण आफ्रिकेचा शॉन नॉरिस हेही या यादीत आहेत.

२०१६ मध्ये सायामा येथे हिदेकी मात्सुयामा जिंकला. पाच वर्षांनी त्याने मास्टर्स जिंकली आणि पुरुषांच्या मेजर स्पर्धेत, म्हणजे जगातील चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एकीत, बाजी मारणारा तो पहिला जपानी ठरला.

२०२२ ची स्पर्धा ह्योगो प्रांतात झाली. तोहोकू फुकुशी विद्यापीठातला विद्यार्थी ताइगा सेमिकावा शेवटच्या दिवशी सहा फटक्यांची आघाडी घेऊन उतरला. वाटेत एकाच होलवर पारपेक्षा तीन फटके जास्त गेले आणि आघाडी वितळली. तरी काझुकी हिगाच्या एक फटका पुढे राहून तो जिंकला. आकाहोशीनंतर ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला हौशी. हौशी खेळाडूला बक्षिसाची एवढी मोठी रक्कम घेता येत नाही, त्यामुळे विजेत्याचे पैसे हिगाला मिळाले आणि करंडक सेमिकावाला. महिलांच्या जपान ओपनमध्ये ही कामगिरी सहा वर्षे आधी, १७ वर्षांच्या नासा हाताओकाने केली होती.

नव्वदावी स्पर्धा २०२५ मध्ये निक्को येथे झाली आणि नाओयुकी काताओका प्लेऑफमध्ये जिंकला. त्याच वर्षापासून या स्पर्धेच्या विजेत्याला अमेरिकेतील ऑगस्टा येथे होणाऱ्या मास्टर्सचे थेट निमंत्रण मिळू लागले आहे. ऑगस्टाची वाट जपान ओपनच्या विजेत्यांना तशी जुनीच. १९३६ मध्ये चेन चिंग-शुई आणि तोइचिरो तोदा तिथे खेळून आले होते. तेव्हा दोघांनीही जपान ओपन अजून जिंकली नव्हती.